शेवटचा फर्लांग

घरी इंटरनेटची जोडणी घ्यावयाची ठरली, म्हणजे सामान्य गृहस्थ प्रथम एकच प्रश्न विचारतो : ‘वेग किती?’ विकणाराही उत्तर घेऊन तयारच असतो. ‘शंभर मेगाबिट,’ तो म्हणतो, आणि गृहस्थ समाधानाने पैसे मोजतो. पुढे एखाद्या रात्री नऊच्या सुमारास मुलगी परीक्षेचा अर्ज भरावयास बसते. उद्या मुदत संपावयाची असते. छायाचित्र व स्वाक्षरी पाठवावयाची तेवढी राहिलेली असते, आणि पडद्यावर एक लहानसे वर्तुळ गरगर फिरत राहते. अशा वेळी आपण कंपनीला, सरकारला, पावसाला व शेवटी स्वतःच्या नशिबाला क्रमाने दोष देतो. वाचकहो, यांपैकी कोणाचाही दोष नसतो असे मी म्हणणार नाही. तथापि खरे कारण पुष्कळदा आपल्या दारापासून हाकेच्या अंतरावर असते, आणि तिकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

शहराशहरांना जोडणाऱ्या मोठ्या तारा आज बहुतेक सर्वत्र काचेच्या आहेत व त्यांची वाहकशक्ती अफाट आहे. अडचण येते ती त्या राजमार्गावरून उतरून आपल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचताना. दूरसंचाराचे अभियंते या टप्प्याला ‘शेवटचा मैल’ म्हणतात. आपण त्याला शेवटचा फर्लांग म्हणू. कारण प्रत्यक्षात प्रश्न बहुधा तेवढ्याच जमिनीचा असतो. हा फर्लांग कोणत्या तारेने ओलांडला आहे, यावर आपल्या घरचे इंटरनेट कसे चालणार हे ठरते. तार तीन प्रकारची असू शकते : टेलिफोनची, टेलिव्हिजनच्या केबलची, किंवा काचेची.

यांतील सर्वांत वडील म्हणजे टेलिफोनची तार. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे २८ जानेवारी १८८२ रोजी टेलिफोनची केंद्रे उघडली, त्याच्या आदल्याच वर्षी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तांब्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन वापरण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले होते. पीळ दिल्यामुळे बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच होतो व तो वजा करून टाकता येतो. इतकी साधी युक्ती. परंतु घरोघरचा टेलिफोन पुढे शंभर वर्षे तिच्यावर चालला. ही तार घातली गेली ती माणसाच्या बोलण्यासाठी, आणि बोलणे समजण्यास सेकंदाला ३०० ते ३,४०० कंपनांचा पट्टा पुरतो. म्हणून केंद्रातील यंत्रणाही तेवढ्याच पट्ट्याची केली गेली.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. त्या वेळी ते याच अरुंद पट्ट्यातून वाहत होते. मोडेम नावाची पेटी आकड्यांचे आवाजात रूपांतर करी, आणि जणू दोन यंत्रे एकमेकांशी टेलिफोनवर बोलत. ते किंचाळणे ज्यांनी ऐकले आहे ते विसरणार नाहीत. आरंभीचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. चार मेगाबाइटचे एखादे गाणे त्या वेगाने आणावयास सुमारे पंचावन्न मिनिटे लागली असती. पुढे ५६ किलोबिटचे मोडेम आले, तेव्हा तेच काम साडेनऊ मिनिटांवर आले. पण तोपर्यंत घरचा टेलिफोन अडकून राही, आणि नेमका त्याच वेळी गावाहून कोणाचा तरी फोन येत असे.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. वेग बिटमध्ये मोजतात, आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. तेव्हा शंभर मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच येणार. यात फसवणूक नाही. मात्र हा हिशेब विकणारा आपण होऊन सांगत नाही, हेही खरे.

त्या तांब्याच्या जोडीत बोलण्याच्या पट्ट्यापलीकडे केवढी तरी जागा मोकळी पडून होती. गावाबाहेरच्या रुंद रस्त्यावरून लोकांनी वर्षानुवर्षे केवळ कडेच्या पाऊलवाटेने चालावे, तसा तो प्रकार होता. डीएसएल या तंत्राने तो रस्ता वापरात आणला. खालचा पट्टा बोलण्यास ठेवावयाचा, वरचा दहा-अकरा लक्ष कंपनांपर्यंतचा आकड्यांस द्यावयाचा, व घरात एक लहानशी गाळणी लावून दोघांना वेगळे करावयाचे. टेलिफोन मोकळा राहिला आणि इंटरनेट अखंड चालू झाले. सरकारी निगमांनी जानेवारी २००५ पासून ही सेवा देशभर देण्यास आरंभ केला. त्याआधी काही महिने, २००४ सालच्या धोरणात, ‘ब्रॉडबँड’ या शब्दाची व्याख्या झाली होती : अखंड चालू असणारी, सेकंदाला निदान २५६ किलोबिटची जोडणी. ही मर्यादा २०१३ साली ५१२ किलोबिटवर व जानेवारी २०२३ मध्ये दोन मेगाबिटवर नेण्यात आली.

परंतु तांब्याचा एक स्वभाव आहे. लग्नाची वरात दूर असते तेव्हा आपल्याला केवळ ढोल ऐकू येतो. सनईचे बारीक सूर कानी पडतात ते वरात जवळ आल्यावरच. तारेतही तसेच होते. अंतर वाढले की उंच कंपने प्रथम नाहीशी होतात, आणि डीएसएलचा सारा व्यवहार तर त्या उंच कंपनांवरच. केंद्रापासून एक-दीड किलोमीटरच्या आत असलेल्या घरास जी तार वीस-बावीस मेगाबिट देईल, तीच पाच किलोमीटरवरच्या घरास एखादा मेगाबिट मोठ्या कष्टाने देते, किंवा मुळीच देत नाही. दोघांचे मासिक बिल मात्र एकच असू शकते. त्यात पावसाळ्यात एखाद्या सांध्यात पाणी शिरले, की लाइनमनची वाट पाहणे आलेच.

आणखी एक मर्म त्या तंत्राच्या नावातच दडलेले आहे. घरोघरी जे डीएसएल पोहोचले त्याच्या नावामागे ‘असममित’ असे विशेषण आहे. येणारा पट्टा रुंद, जाणारा अरुंद. येणाऱ्यास वीस मेगाबिट, तर जाणाऱ्यास एखादा. घरातील माणसे ऐकतील, पाहतील, वाचतील. त्यांना स्वतः जगाला सांगण्यासारखे फारसे काही नसणार, असे गृहीत धरून ही वाटणी केलेली होती. त्या काळी ते गृहीतक चुकीचे नव्हते. पण आज अर्ज, छायाचित्र, डॉक्टरांस दाखवावयाचा अहवाल, विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका, दूर असलेल्या मुलाशी समोरासमोर बोलणे, हे सर्व ‘जाणारे’ आहे. वर सांगितलेल्या मुलीचे वर्तुळ फिरत राहते ते पुष्कळदा यामुळेच. येणारा वेग उत्तम असतो. जाणाऱ्या वेगाची चौकशीच कोणी केलेली नसते.

दुसरी तार केबलवाल्याची. १९९१ च्या आखाती युद्धानंतर आपल्या शहरांत ती गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर अशी पसरत गेली. हिच्या मध्यभागी तांब्याची एक जाड तार, भोवती रोधक आवरण, त्यावर धातूची जाळी व सर्वांबाहेर काळे वेष्टन असते. त्या जाळीमुळे बाहेरचा गोंधळ आत शिरत नाही; म्हणून टेलिफोनच्या तारेहून ही कितीतरी पट सशक्त. टेलिव्हिजनच्या एका वाहिनीला लागणाऱ्या जागेत सेकंदाला चाळीस-पन्नास मेगाबिट माहिती मावते. मग एखाद-दुसऱ्या वाहिनीची जागा मोकळी करून तीतून इंटरनेट सोडले तर? ही कल्पना डॉक्सिस या नावाच्या मानकात १९९७ साली पक्क्या स्वरूपात आली.

तथापि केबलचे जाळे विणले गेले होते ते पाटाच्या पाण्यासारखे : वरून खाली, एकाच दिशेने. वाटेतले प्रवर्धक एकतर्फी. उलट दिशेने काही यावे अशी सोयच नव्हती. ती करावयाची तर प्रत्येक प्रवर्धक बदलणे आले. शिवाय उलट वाटेवर प्रत्येक घरातील सैल जोडणीचा खरखराट एकत्र होऊन मुख्य केंद्राकडे वाहत येतो. एका घरच्या गंजलेल्या स्क्रूचा ताप साऱ्या गल्लीला. आणि ही तार गल्लीत सामाईक असल्यामुळे दुपारी तीन वाजता जो वेग मिळतो तो रात्री नऊ वाजता मिळत नाही. आपल्याकडील पुष्कळ केबलचालकांनी तर हा खटाटोप टाळून इमारतीइमारतींवरून कार्यालयात वापरतात तशी साधी संगणकी तार टाकली व तिलाच ‘केबल इंटरनेट’ म्हटले. शास्त्रशुद्ध नव्हते, पण सरकारी यंत्रणेची वाट न पाहता हजारो घरांना स्वस्तात इंटरनेट मिळाले ते या गच्चीवरच्या कारभारामुळे, हे मान्य केले पाहिजे.

तिसरी तार काचेची, आणि खरा बदल घडविला तो हिने. काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून वाकड्या वाटेने चित्र नेता येते, हे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या समवेत लंडनला सिद्ध करून १९५४ साली प्रसिद्ध केले. पण त्या काळच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच मावळे. त्याचे कारण काच हा पदार्थ नसून काचेतील अशुद्धी होय, असे चार्ल्स काव यांनी १९६६ साली दाखविले. एका किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा भाग जरी शिल्लक राहिला, तरी काच दूरसंचारास चालेल, असा त्यांचा हिशेब होता. चारच वर्षांत तशी काच तयार झाली. काव यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र २००९ साली. आजच्या तंतूत किलोमीटरनंतर शेकडा पंचाण्णव भाग प्रकाश शिल्लक राहतो. तो निम्म्यावर येण्यास पंधरा किलोमीटर जावे लागते.

हा काचतंतू जाडीला मिलिमीटरचा आठवा हिस्सा. प्रकाश वाहतो तो त्याच्याही गाभ्यातून, जो मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा असतो. गाभ्याची काच व भोवतालची काच यांच्या वक्रीभवनांकात किंचित फरक ठेवलेला असतो, म्हणून प्रकाश गाभा सोडून बाहेर पडत नाही. विजेच्या गडगडाटाचा, शेजारच्या मोटारीचा वा पावसाच्या ओलीचा तांब्यावर होतो तसा उपद्रव येथे होत नाही.

घरापर्यंत येताना बहुधा एक तंतू वाटेत बत्तीस किंवा चौसष्ट घरांत विभागलेला असतो. हा विभाजक काचेचाच. त्याला वीज लागत नाही, म्हणून तो खांबावरील लहानशा डबीत वर्षानुवर्षे निमूटपणे राहू शकतो. केंद्राकडून येणारा प्रकाश सर्व घरांना जातो व प्रत्येक घरची पेटी आपल्या नावाचा मजकूर तेवढा उलगडून घेते. घरांकडून जाणारा मजकूर मात्र पाळीपाळीने जातो, सार्वजनिक नळावर घागरी लागतात तसा; फरक इतकाच, की येथील पाळी सेकंदाच्या अत्यल्प अंशात येते व भांडण होत नाही. आज प्रचलित असलेल्या पद्धतीत खाली येण्यास सुमारे अडीच हजार व वर जाण्यास सुमारे साडेबाराशे मेगाबिट मिळतात. बत्तीस घरांत वाटले, तर सर्वांनी एकाच क्षणी पुरेपूर वापरूनही प्रत्येकास येताना अठ्ठ्याहत्तर व जाताना एकोणचाळीस मेगाबिट. गाण्याचा मघाचा हिशेब येथे अर्ध्या सेकंदात संपतो. मोठी गोष्ट पुढेच आहे : जाणाऱ्या मजकुरालाही येथे मोठा रस्ता मिळतो. घर केवळ श्रोता राहत नाही.

आता कोणी म्हणेल, हातात मोबाइल असताना तारांचे हे पुराण कशाला? २०२४ च्या अखेरीस देशातील सुमारे चौऱ्याण्णव कोटी ब्रॉडबँड जोडण्यांपैकी तारेच्या जेमतेम चार कोटी होत्या, हे खरे. बाकी बहुतेक सर्व मोबाइलच्या. परंतु मनोऱ्याभोवतीची हवा सर्वांची सामाईक असते, आणि भिंत, डोंगर, झाडी यांच्यापुढे तिचे चालत नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा हे साऱ्या देशाने पाहिले. त्याआधीच्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील शंभरांपैकी केवळ पंधराच्या आसपास घरांत इंटरनेटची सोय आढळली होती, शहरांत बेचाळीस. कोकणातील डोंगरावर आडोसा करून, कुठे झाडावर चढून मुले धडे ऐकत होती, ती हौसेने नव्हे.

या विषमतेवरचा शासकीय उपाय त्यापूर्वीच सुरू झालेला होता. सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. २०१५ साली तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. काम लहान नव्हे. २०२४ अखेर जवळजवळ सात लक्ष किलोमीटर केबल टाकून झाली होती. पृथ्वी ते चंद्र हे अंतर पावणेचार-चार लक्ष किलोमीटर धरा, म्हणजे कल्पना येईल. सज्ज झालेल्या ग्रामपंचायतींची संख्या दोन लक्ष चौदा हजारांच्या घरात होती. द्वीपांचीही उपेक्षा झाली नाही : चेन्नईहून अंदमान-निकोबारकडे गेलेली सुमारे २,३०० किलोमीटरची सागरी केबल ऑगस्ट २०२० मध्ये, आणि कोचीहून लक्षद्वीपच्या अकरा बेटांकडे गेलेली जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तोवर त्या बेटांना छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचाच मुख्य आधार होता.

पण याच जाळ्यावरून घरापर्यंत पोहोचलेल्या जोडण्या त्या सुमारास किती होत्या? सुमारे बारा लक्ष. भागाकार आपणच करून पाहावा. एका ग्रामपंचायतीमागे सरासरी पाच-सहा घरे येतात. चंद्रापर्यंतचे अंतर कापून आलेला प्रकाश पंचायतीच्या कचेरीत एका पेटीत येऊन थांबलेला, पेटीच्या खोलीस कुलूप, आणि एका फर्लांगावर राहणारी विद्यार्थिनी मोबाइल घेऊन गच्चीच्या कोपऱ्यात उभी, असे चित्र यातून उभे राहते. टाकलेल्या किलोमीटरांवरून काम मोजले गेले, याचा हा परिणाम आहे असे माझे मत आहे. तार मोजणे सोपे असते. घर मोजावयाचे तर दार ठोठवावे लागते.

ही उणीव शासनाच्या ध्यानात आलेली नाही असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्याचे उद्दिष्ट आहे. तीत दोन बदल मला विशेष महत्त्वाचे वाटतात. पूर्वी तालुक्याहून गावाकडे जाणारी तार सरळ होती. वाटेत कोणी खड्डा खणला की पुढची सारी गावे अंधारात. आता ती वर्तुळाकार करावयाची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने प्रकाश येईल. दुसरा बदल म्हणजे शेवटच्या फर्लांगाचे काम स्थानिक उद्योजकावर सोपविणे. गावातला केबलवाला, ज्याला कोणाच्या अंगणातून तार नेली असता भांडण होईल व कोणाच्या नेली असता चहा मिळेल हे ठाऊक असते, तो या कामास दिल्लीच्या कोणत्याही कार्यालयापेक्षा अधिक योग्य आहे. आपल्या गावात असा उद्योजक नेमला गेला आहे काय, हे पुढील ग्रामसभेत अवश्य विचारावे.

तुटण्याचा प्रश्न मात्र राहतोच. रस्ता, नळ, गटार यांसाठी होणाऱ्या खोदाईने काचतंतू जितके तुटतात तितके दुसऱ्या कशाने क्वचितच तुटत असतील. खोदणाऱ्याने आधी चौकशी करावी म्हणून मार्च २०२३ मध्ये एक सरकारी ॲपही सुरू झाले आहे. वाराणसीत तर २०१५ साली घाटावर टांगलेल्या तारा माकडांनी कुरतडल्या होत्या. त्यांना ॲपचा उपयोग नाही.

घरात आलेल्या तंतूची काळजी मात्र आपल्या हाती आहे. त्याची घडी घालू नये. दाराच्या बिजागरीत वा खिळ्याभोवती आवळून तो नेऊ नये. फार वाकला की काच न तुटताही प्रकाश वळणावर बाहेर निसटतो व वेग अकारण घटतो. तीन-चार सेंटिमीटरहून लहान वळण नको, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. सुटलेल्या टोकात डोळा लावून ‘प्रकाश येतो का’ हे पाहू नये व मुलांनाही पाहू देऊ नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो. जोडणी घेताना जाणारा वेग किती, किती मजकुरानंतर वेग कमी केला जाईल, आणि तार घरापर्यंत काचेचीच आहे की खांबापासून पुढे तांब्याची, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर लेखी मागितल्यास विकणाऱ्याचा आवाज थोडा बदलेल; तरीही मागावे.

शेवटी विजेविषयी. जुना टेलिफोन वीज गेली तरी चालत असे, कारण केंद्रातील बॅटरीची अठ्ठेचाळीस व्होल्टची वीज त्याच तांब्यातून घरापर्यंत येई. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरची पेटी आपल्याच विजेवर चालते. ज्या गावात संध्याकाळी दोन तास वीज नसते तेथे काचतंतू असूनही ते दोन तास इंटरनेट नसणार. अशा पेट्या बहुधा बारा व्होल्टवर चालतात. पेटीच्या मागे लिहिलेला आकडा पाहून तेवढ्याच व्होल्टची लहान बॅटरी बाजारातून आणावी व पेटीस लावून ठेवावी. परीक्षेच्या अर्जाची मुदत जवळ येण्याआधीच हे काम उरकले तर बरे.